नानांच्या दोन सह्या

शिरूर तालुक्याच्या पूर्वेला, भीमेच्या काठावर मांडवगण फराटा आहे. नदीपलीकडं दौंड तालुका. आणखी खाली घोड नदी भीमेला येऊन मिळते आणि तिच्यापलीकडं श्रीगोंदा, म्हणजे तिथं जिल्हाच बदलतो. या सगळ्या पट्ट्यात ऊस, आणि उसाला पाणी नदीचं. काठाला मोटारींची रांगच लागलेली. मोटार उचलून न्यायची तर चार माणसं आणि गाडी लागते. केबल मात्र कोयत्याच्या एका घावात तुटते, जाळात टाकली की वरचं आवरण जळून जातं आणि आत तांबं उरतं. भंगारात तांब्याला कायमच भाव. अलीकडं उसात बिबट्याचा वावर वाढल्यापासून रात्रीची लाइट आली तरी एकटादुकटा शेतकरी नदीला जायला धजत नाही. बिबट्या नेमका शेतकऱ्यालाच दिसतो, केबलचोराला का दिसत नाही, याचं उत्तर गावात अजून कुणाला सापडलेलं नाही.

ही गोष्ट त्या काठावरची. गाव खरं, कायदा खरा, मध्ये डोकावणारी इतिहासातली माणसंही खरी. बाकीची माणसं गोष्टीतली आहेत, म्हणून त्यांना नावं दिलेली नाहीत. तशी गावात पूर्ण नावानं हाक तरी कुणाला मारतात?

२०२५ चा जानेवारी धरा. एका रात्रीत काठावरच्या सहा मोटारींच्या केबली गेल्या. सकाळी शेतकरी जमले, शिव्या घालून झाल्या, आणि दुपारपर्यंत चोरही ठरला. रस्त्याकडेच्या दुकानात मोटारी भरून देणारा बावीस वर्षांचा पोरगा. गाव त्याला ‘वायंडर’ म्हणायचं. बाप नाही, आई लोकांच्या उसात खुरपणीला. दुकानामागं जळक्या तांब्याचा ढीग होता. मोटार वायंडिंगच्या दुकानामागं तो असणारच, पण त्या आठवड्यात तो जरा मोठा दिसला म्हणे. गावाला तेवढं पुरलं. शिरूर पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला, वायंडरला अटक झाली, चोवीस तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं उभं केलं. दोन दिवस पोलीस कोठडी, त्यानंतर न्यायालयीन कोठडी, आणि मग येरवडा.

पोरगा म्हणत होता, ‘हे गिऱ्हाइकांच्या जळक्या मोटारींचं तांबं आहे, दिवाळीपासून साठलेलं.’ पोलिसांचं म्हणणं वेगळं होतं. तांब्यावर शेतकऱ्याचं नाव कोरलेलं नसतं. ते तांबं कुणाचं, याचा निवाडा साक्षीपुराव्यानंच व्हायचा होता. तो व्हायच्या आधीच गावानं निकाल दिला होता.

आईला वकील करायची ऐपत नव्हती आणि तशी गरजही नव्हती. कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात तसं स्पष्ट आहे आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. तालुका विधी सेवा समितीकडून एक तरुण वकीलबाई मिळाल्या. त्यांनी अर्ज केला. भोगीच्या दिवशी आदेश झाला: पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार.

आईनं एवढंच ऐकलं की जामीन झाला. उद्या संक्रांत, पोरगं घरी येणार. शिरूरच्या स्टँडवर तिनं पावशेर तीळ घेतले.

‘मावशी, आता जामीनदार आणा,’ वकीलबाई म्हणाल्या. ‘सातबारा, आठ-अ, आधारकार्ड, रेशनकार्ड, फोटो. माणूस स्वतः यायला हवा.’

‘माझ्या नावावर कुठली जमीन, ताई?’

‘तुमच्या नाही. गावातलं कुणी तरी.’

इथपासून गोष्ट खरी सुरू होते. कोर्टात कोर्टाचं काम झालं होतं. आता गावाची पाळी होती.

ती पहिल्यांदा दुकानमालकाकडं गेली. तो म्हणाला, ‘माझ्याच दुकानामागनं माल जप्त झालाय, मी सही केली तर मलाच आत घेतील.’ मग सोसायटीच्या एका संचालकाकडं. त्याच्या सातबाऱ्यावर पीककर्जाचा बोजा होता आणि बोजाच्या जमिनीवर जामीन चालतच नाही अशी त्याची पक्की समजूत होती. त्या पट्ट्यात बोजा नसलेला सातबारा शोधून सापडायचा नाही, आणि बोजा असला म्हणून सहा एकराचा धनी पंधरा हजारांना महाग होत नाही. जामीनदाराची ऐपत कोर्ट तपासतं, ती आपण आधीच तपासून घरी बसायचं नसतं. पण हे त्याला सांगणार कोण? तिसरा म्हणाला, ‘बाई, केस अजामीनपात्र हाय. त्यात जामीन मिळतच नाही. तुला वकिलानं फसवलंय.’

या तिसऱ्याचा गैरसमज इतका पसरलेला आहे की गोष्ट थांबवून दोन वाक्यं लिहायला हवीत. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो. तो पोलीस ठाण्यातच मिळतो, फौजदाराच्या मर्जीचा तिथं प्रश्न नाही. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळत नाही असं नव्हे. तो द्यायचा की नाही हे कोर्टानं ठरवायचं, एवढाच त्याचा अर्थ. चोरी दुसऱ्या प्रकारात मोडते, आणि इथं कोर्टानं ठरवून जामीन दिलेला होता.

तिचा भाऊ श्रीगोंद्याकडं राहायचा. तो लगेच निघाला. पण त्याची जमीन अजून आजोबांच्याच नावावर. वारसनोंद करायची राहून गेलेली, चार चुलत्यांच्या सह्या कधी एकत्र आल्याच नाहीत. शिवाय चहाच्या टपरीवर कुणी तरी त्याला सांगितलं की दुसऱ्या जिल्ह्याचा सातबारा इथं बघतसुद्धा नाहीत. वकीलबाईंना हे कळलं तेव्हा त्या वैतागल्या. ‘वारसनोंदीचं मी समजू शकते, पण जिल्ह्याचं कोण बोललं? १९७८ मध्येच हा प्रश्न मिटलाय.’ त्या सांगत होत्या ते मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या गवंड्याबद्दल. त्याच्याकडं दहा हजारांचा जामीनदार मागितला होता. भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गवंड्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. भारताचा माणूस भारतात परका कसा, असा त्यांचा रोख होता. निकालाला पंचेचाळीस वर्षं होऊन गेली. टपरीवर अजून पोचलेला नाही.

त्याच टपरीवर एकानं आईला बाजूला घेऊन भाव सांगितला: पाच हजार द्या, जामीनदार मी आणतो, कागदासकट. असे भाड्याचे जामीनदार काही एका गावची गोष्ट नाही. एकच माणूस दहा आरोपींना जामीन राहतो, सातबारा कधी दुसऱ्याचा, कधी बनावट, आणि उघडकीला आलं की आरोपी पुन्हा आत. आईनं कानातल्या फुलांवर हात ठेवला होता. वकीलबाईंनी तो खाली घ्यायला लावला.

उरले नाना.

नऊ एकर ऊस, वय सत्तरीच्या पुढं, बोलणं मोजकं. त्यांच्या नदीवरच्या मोटारीला त्या रात्री कुणी हात लावला नव्हता, म्हणजे फिर्यादीत त्यांचं नाव नव्हतं. त्यांची मोटार चार वेळा वायंडरनंच भरलेली. गावात नानांच्या शब्दाला वजन होतं, पण त्यांची सही मिळत नव्हती. त्यालाही कारण होतं. पूर्वी एका दोस्ताच्या कर्जाला ते पतसंस्थेत जामीन राहिले. दोस्तानं गाव सोडलं, वसुलीची नोटीस नानांच्या दारात. दोन हंगामांच्या उसाचे पैसे त्यात गेले. तेव्हापासून त्यांनी विड्याच्या पानाला चुना लावताना तेवढा अंगठा वापरला, कागदाला नाही.

‘पोरगं कामाला चोख हाय, मी नाही म्हणत नाही,’ नाना म्हणाले. ‘पण चोरीच्या केसला सही? उद्या लोकं म्हणतील, नानाचाच माणूस होता.’

‘त्यानं चोरी केली नाही, नाना.’

‘केली नसंल तर सुटंल की. कोर्ट कशाला बसलंय?’

नानांचं हे वाक्य ऐकायला न्याय्य वाटतं. सगळा घोटाळा त्यातच आहे. केली नसेल तर सुटेल, पण कधी? २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्यावरचा गुन्हा अजून शाबित झालेला नाही अशी. चारातली तीन. १९७९ मध्ये हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतली अशी माणसं उजेडात आली की ज्यांनी त्यांच्या गुन्ह्याला असलेल्या कमाल शिक्षेपेक्षाही जास्त काळ खटल्याची वाट पाहत काढला होता. कायद्यानं याला बांध घातलेले आहेत. चोरीसारख्या गुन्ह्यात पोलिसांनी साठ दिवसांत दोषारोपपत्र दिलं नाही तर जामीन हक्कानं मिळतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, पूर्वी कुठल्याच गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या माणसानं कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायचं असतं. साध्या चोरीची कमाल शिक्षा तीन वर्षं, तिचा तिसरा हिस्सा एक वर्ष. म्हणजे नानांच्या हिशेबानं वायंडरनं निर्दोष असूनही निवांत वर्षभर येरवड्यात बसावं, आणि त्याच्या आईनं त्याला न्याय म्हणावं.

ती काही बोलली नाही. तिनं पदरात बांधून आणलेले तिळगूळ ओट्यावर ठेवले आणि गेली.

वाघेश्वराच्या देवळात संध्याकाळी निवृत्त गुरुजी बसायचे. आई त्यांच्याकडंही जाऊन आली होती. गुरुजींकडं जमीन नव्हती, पेन्शन होती, आणि ते लेकाकडं पुण्याला निघाले होते. ‘चार दिवसांत परत येतो, कुणीच नाही मिळालं तर मी येतो,’ असं ते म्हणाले होते, पण त्यांच्याच मनात खुटखुट होती की ही सही जमीनवाल्याची असावी, गावाची असावी. त्यांनी नानांना गाठलं.

‘नाना, एक सांगू का? १८८२ साल. टिळक आणि आगरकरांवर कोल्हापूरच्या दिवाणांनी, बर्व्यांनी, अब्रुनुकसानीची फिर्याद केली. केसरी निघून जेमतेम वर्ष झालेलं. जामीन कोण राहिलं माहितीये?’

‘असंल कुणी वाड्यातलं.’

‘रामशेठ बापूशेठ उरवणे. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक समाजाचे. दहा हजारांचा जामीन, त्या काळातले दहा हजार. केसरीवाल्यांचा रस्ता वेगळा, फुल्यांचा वेगळा. तरी उरवणे उभे राहिले.’

नाना हसले. ‘गुरुजी, ते टिळक होते.’

‘तेव्हा कुठले लोकमान्य? पंचवीस-सव्वीस वर्षांची दोन पोरं होती. आणि पुढचं ऐका. ज्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी छापलं ती पत्रं खोटी निघाली. पोरं खटला हरली. चार महिन्यांची शिक्षा झाली, डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. मग उरवण्यांचे दहा हजार बुडाले का?’

नाना गप्प.

‘नाही बुडाले. पोरं पळून गेली नाहीत, खटल्याला उभी राहिली. उरवण्यांनी कुठं लिहून दिलं होतं की ही निर्दोष आहेत? सुटून आल्यावर फुल्यांच्या माणसांनी त्यांचा सत्कारही केला.’

गुरुजींना एकदा टिळक मिळाले की ते आवरायचे नाहीत. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी टिळकांना जामीन कसा दिला. आरोपी खटल्याला हजर राहील ना, हा प्रश्न त्यांनी महत्त्वाचा कसा मानला. त्या वेळी टिळकांच्या बाजूनं उभे असलेले दिनशा दावर पुढं स्वतः न्यायमूर्ती झाले, आणि १९०८ मध्ये बॅरिस्टर जिनांनी टिळकांसाठी मागितलेला जामीन त्याच दावरांनी नाकारला. हे सगळं त्यांनी सांगितलं. खुर्ची बदलली की माणसाला कायदा वेगळा दिसतो, हे नाना ऐकत होते की नव्हते कोण जाणे. उठताना ते एवढंच म्हणाले, ‘तुम्ही इतिहास शिकवलात, गुरुजी. वसुलीची नोटीस तुम्हाला कधी आली नाही.’

वायंडर आतच राहिला.

त्या हंगामात न्हावऱ्याच्या घोडगंगा कारखान्याचा बॉयलर थंड होता. ऊस लांबच्या कारखान्यांना जात होता, रात्रंदिवस ट्रॅक्टर रस्त्यावर, मागं दोन-दोन ट्रॉल्या. नानांचा नातू असाच एक ट्रॅक्टर चालवायचा. ट्रॉलीला मागं रिफ्लेक्टर नव्हता. असतो असं सगळे म्हणतात, चिखलाखाली असतो. एका पहाटे वळणावर त्यानं ट्रॅक्टर इशारा न देता आत घेतला आणि मागून येणारा मोटारसायकलवाला ट्रॉलीवर आदळला. शेजारच्या गावचा माणूस, दुधाचे कॅन घेऊन निघालेला. जागीच गेला.

नातू पळाला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. पोलीस येईपर्यंत तो तिथंच बसून होता. हयगयीनं मृत्यूला कारण झाल्याचा गुन्हा दाखल झाला आणि दुपारी नाना शिरूरच्या ठाण्यात पोचले. सदरा घामानं अंगाला चिकटलेला. पोराला येरवड्याला नेतात की काय, या धास्तीनं त्यांनी येताना वीस हजार रुपये आणि नात्यातला एक पुढारी, दोन्ही बरोबर आणले होते. दोन्हींची गरज पडली नाही.

‘हा जामीनपात्र गुन्हा आहे, नाना,’ ठाणे अंमलदार म्हणाले. ‘जामीन त्याचा हक्क आहे. कुणाच्या शब्दाची गरज नाही. पंधरा हजारांचा मुचलका लिहून द्या, तुम्हीच जामीनदार व्हा, आणि घेऊन जा.’

‘म्हणजे सुटला?’

‘सुटला नाही. दोषारोपपत्र जाईल, खटला चालेल, शिक्षा व्हायची तर होईल. तोवर तारखेला हजर राहायचं.’

‘आणि माझी सही? पैसे भरायचे?’

‘आता काहीच नाही. पोरगा तारखेला आला नाही तर कोर्ट तुम्हाला विचारील. तेव्हा ही रक्कम.’

‘एवढंच?’ नानांनी विचारलं.

‘एवढंच.’

नानांनी चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला. त्यात नातू निर्दोष आहे असं कुठं लिहिलं नव्हतं. त्याची चालचलणूक चांगली आहे असंही नव्हतं. कर्ज, व्याज, वसुली यातलं काही नव्हतं. अमुक माणूस बोलावल्या तारखेला हजर होईल, इतकीच हमी. पतसंस्थेत दोस्तानं बुडवलेल्या पैशाला ते जामीन राहिले होते; इथं फक्त माणसाच्या येण्याला जामीन राहायचं होतं. बाप्याचं निम्मं आयुष्य सहीला भिण्यात गेलं आणि भीती चुकीच्या कागदाची होती.

दिवेलागणीला नातू घरी जेवायला बसला.

मेलेल्या माणसाच्या घरी त्याच वेळी चूल पेटली नव्हती. तिकडून एक प्रश्न गावात आला आणि तो कुणाला परतवता आला नाही: आमचा माणूस गेला, आणि तुमचं पोरगं त्याच रात्री घरी? त्यांचा संताप खोटा कसा म्हणायचा? पण त्याचं उत्तर जामीन नाकारण्यात नव्हतं. तुरुंग शिक्षेसाठी असतो आणि शिक्षा खटल्यानंतर. मुद्दाम केलेल्या चोरीला कायद्यानं अजामीनपात्र ठरवलं आहे, हयगयीनं घडलेल्या मृत्यूला जामीनपात्र. हेतू असला की कायदा जास्त सावध होतो. पटो न पटो, त्यामागं काही विचार आहे. गावाच्या वागण्यामागं मात्र कसलाच विचार नव्हता. नातवाला कुणी खुनी म्हटलं नाही. ‘पोराकडनं झालं, आता काय करायचं’ म्हणत माणसं नानांच्या ओट्यावर येऊन बसली, चहा पिऊन गेली. त्यांतले तिघे-चौघे तेच होते, ज्यांनी वायंडरच्या आईला दारातून परत लावलं होतं.

तीही आली. बसली नाही. ‘पोरगं घरी आलं, बरं झालं,’ म्हणाली.

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर नानांना सोपं गेलं असतं. त्यांनी तिला दोन शब्द सुनावले असते आणि विषय मिटला असता.

दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडं नाना सर्वांत आधी. सातबारा, आठ-अ. तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं न्हावरेमार्गे शिरूर. वकीलबाई दिवस मोजतच होत्या. सर्वोच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०२३ ला घालून दिलेल्या सूचनांप्रमाणे, जामीन होऊनही महिनाभरात माणूस बाहेर आला नाही तर कोर्ट आपणहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं, आणि सात दिवसांत सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं. ‘महिना भरला की मी अट बदलायचा अर्ज टाकणारच होते,’ त्या म्हणाल्या. ‘पण तुम्ही आलात ते बरं केलंत. आतला एक दिवससुद्धा लांब असतो.’

न्यायाधीशांनी नानांना समोर बोलावलं.

‘आरोपी तुमचा कोण?’

‘माझ्या मोटारीचा वायंडर, साहेब.’

‘नातं?’

‘नातं काय न्हाई.’

‘मग जामीन का राहता?’

नानांनी थोडा विचार केला. ‘त्यो तारखेला येईल, साहेब. माझी मोटार जळली की आजवर बोलावल्या दिवशी आलाय. दुसरं मला काय ठावं नाही.’

कायद्याच्या पुस्तकात जामीनदाराकडून जे अपेक्षित आहे, ते नानांनी नेमकं सांगितलं होतं. सही झाली. आदेश येरवड्याला ई-मेलनं गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वायंडर बाहेर आला.

पुढं सगळं गोड झालं असं नाही. दुकानात त्याच्या जागेवर दुसरा पोरगा लागला होता. सहा शेतकऱ्यांपैकी चार त्याच्याशी बोलत नव्हते. एकानं नानांनाही बोलणं टाकलं. कोंडवाड्यातून सोडवलेल्या जनावराकडं बघावं तसं पारावरचे लोक त्याच्याकडं बघायचे. फाल्गुनात नानांची मोटार जळली तेव्हा त्यांनी त्यालाच बोलावलं. मग तांदळीच्या एकानं, मग बाभूळसरच्या एकानं. चोरी त्यानं केली की नाही, हे नाना कधी बोलले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, ‘ते कोर्ट बघंल. आपण तारीख बघायची.’

तारखा पडत राहिल्या. कधी साक्षीदार नाही, कधी साहेब रजेवर, कधी नुसतीच पुढची तारीख. दर वेळी वायंडरचा दिवसाचा रोज बुडायचा आणि एसटीचं भाडं जायचं. तरी तो सकाळी साडेदहाला कोर्टाच्या आवारात उभा असायचा.

नातवाच्या तारखाही त्याच कोर्टात. दोन तारखांना तो गेला. तिसऱ्या तारखेला खेड तालुक्यात बैलगाडा शर्यत होती आणि मित्राची बैलजोडी घाटात उतरणार होती. पुकारा झाला, आरोपी गैरहजर, वॉरंट निघालं. सोबत जामीनदाराला नोटीस: मुचलक्याची रक्कम का वसूल करू नये, याचा खुलासा करा.

नाना पुन्हा शिरूरला गेले, नातवाला दंडाला धरून पुढं उभं केलं आणि माफी मागितली. कोर्टानं वॉरंट रद्द केलं, पंधरा हजारांपैकी दोन हजार भरून घेतले आणि बाकीची रक्कम माफ केली. पावती नानांनी सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवली. दोन्ही खटले अजून चालू आहेत. वायंडरच्या मुचलक्यावर नानांना आजवर एकही नोटीस आलेली नाही.